बॅच जॉब अबॉर्ट झालेला दिसला की लगेच परत रन करू नका

रात्री लावलेला बॅच जॉब (ढीगभर रेकॉर्ड्सवर तुकड्यातुकड्यांनी आपोआप चालणारं काम) सकाळी बघितला तर स्टेटस अबॉर्टेड, म्हणजे मधेच थांबवलेला, टीममध्ये विचारलं तर कुणालाच काही माहीत नाही, आणि तिकडे बिझनेसवाले विचारतायत की आमचा डेटा अपडेट का नाही झाला. अशा वेळी बहुतेक जण पहिलं काय करतात तर तोच जॉब परत सोडतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की ते करू नका, निदान अर्धा तास तरी थांबा, कारण परत सोडलात की दोन गोष्टी बिघडू शकतात. एक तर ज्या रेकॉर्ड्सवर काम आधीच झालंय त्यांच्यावर ते दुसऱ्यांदा होतं, आणि दुसरं म्हणजे ज्याने कुणी किंवा ज्या कशाने तो जॉब मारला ते अजून तिथेच आहे, ते परत मारेल.

मी इथे सेल्सफोर्सच्या (ग्राहकांचा डेटा सांभाळणारा क्लाउड प्लॅटफॉर्म) बॅच एपेक्सबद्दल लिहितोय. एपेक्स ही तिथली प्रोग्रामिंगची भाषा, आणि बॅच एपेक्स म्हणजे स्टार्ट (रेकॉर्ड्स निवडते), एक्झिक्यूट (एकेका तुकडीवर, म्हणजे बॅचवर, काम करते), फिनिश (सगळ्यात शेवटी चालते) या तीन मेथडवाला क्लास. दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर स्क्रीनची नावं वेगळी असतील, पण शोधायची रीत बरीचशी हीच.

आधी स्टेटस नीट वाचा

'जॉब अबॉर्ट झाला' हे लोक कशालाही म्हणतात. जॉब फेल झाला तरी अबॉर्ट, अर्धाच डेटा दिसला तरी अबॉर्ट, रात्री सुरूच झाला नाही तरी अबॉर्ट. म्हणून कुणाच्या मेसेजवर न जाता स्वतः सेटअपमध्ये जा, क्विक फाइंडमध्ये एपेक्स जॉब्स टाका आणि त्या ओळीवर खरंच काय लिहिलंय ते बघा. तिथे होल्डिंग, क्यूड, प्रिपेअरिंग, प्रोसेसिंग, कम्प्लीटेड, फेल्ड आणि अबॉर्टेड यातलं काहीतरी एक असेल, आणि शेवटच्या तिघांतला फरक कळला की निम्मं काम झालं.

फेल्ड म्हणजे सिस्टमच्या पातळीवर फेल्युअर, उदाहरणार्थ स्टार्ट मेथडमधली क्वेरीच आपटली. कम्प्लीटेड म्हणजे जॉब शेवटपर्यंत गेला, मधल्या बॅचेस एररने पडल्या असल्या तरी कम्प्लीटेडच लिहिलेलं येतं, त्यामुळे फेल्युअर्सचा कॉलम बघितल्याशिवाय कम्प्लीटेडवर विश्वास ठेवू नका. आणि अबॉर्टेडचा अर्थ सेल्सफोर्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ दिलाय: युजरने थांबवलेला जॉब. आता युजर म्हणजे माणूसच असं नाही, प्रत्येक कोड कुठल्या ना कुठल्या युजरच्या नावावर चालतो, इंटिग्रेशन युजर (दुसऱ्या सिस्टमशी जोडणारा) असो नाहीतर डिप्लॉयमेंटचा (नवा कोड चढवणारा) युजर, आणि त्या कोडने सिस्टम डॉट अबॉर्टजॉब ही जॉब थांबवणारी मेथड कॉल केली की तेही त्याच खात्यात जातं.

हे एवढं महत्त्वाचं का, तर अबॉर्टेड दिसलं की लोक लगेच एक्झिक्यूट मेथड उघडून बसतात, कुठे लिमिट लागलं, कुठे नल पॉइंटर (रिकामी व्हॅल्यू वापरल्याची एरर) आला शोधत राहतात, अख्खा दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. एक्झिक्यूटमध्ये सीपीयू टाइम संपला, हीप (चालू कोडची मेमरी) भरली, रेकॉर्डचं लॉक मिळालं नाही, यातलं काहीही झालं तरी त्या एका बॅचचं ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं, म्हणजे तिने केलेले बदल मागे फिरतात, आणि जॉब पुढच्या बॅचकडे जातो. त्याने स्टेटस अबॉर्टेड होत नाही. अबॉर्टेड असेल तर कुणीतरी थांबायला सांगितलंय, मग प्रश्न 'कोडमध्ये काय चुकलं' हा नाहीच, प्रश्न 'कुणी सांगितलं' हा आहे.

मेंटेनन्सचंही तेच. 'रात्री प्लॅटफॉर्मचं मेंटेनन्स होतं, त्यात उडाला असेल' हे कारण फार पटकन पुढे येतं, पण मेंटेनन्सच्या वेळी चालू असलेल्या बॅचचं एक्झिक्यूशन रोलबॅक होऊन सर्व्हिस परत आल्यावर पुन्हा चालतं, आणि रांगेतले जॉब रांगेतच राहतात. म्हणजे त्या वेळेत जॉब लांबेल, पण त्या कारणाने अबॉर्टेड दिसायला नको.

त्या एका ओळीतून किती कळतं ते बघा

डेव्हलपर कन्सोल उघडा, क्वेरी एडिटरमध्ये एसिंक एपेक्स जॉब या ऑब्जेक्टवर क्वेरी टाका आणि त्या जॉबची पूर्ण ओळ काढून कुठेतरी कॉपी करून ठेवा. जॉबचा आयडी ७०७ ने सुरू होतो. क्रिएटेड डेट, कम्प्लीटेड डेट, क्रिएटेड बाय, टोटल जॉब आयटम्स, जॉब आयटम्स प्रोसेस्ड, नंबर ऑफ एरर्स, एक्स्टेंडेड स्टेटस, एवढी फील्ड्स घ्याच. जुन्या जॉबच्या ओळी कोडने पुसता येतात आणि बऱ्याच ऑर्गमध्ये (कंपनीच्या सेल्सफोर्स खात्यामध्ये) तसा साफसफाईचा जॉब लावलेला असतो, म्हणून कॉपी आधी. यादी मोठी काढत असाल तर जॉब टाइपमध्ये बॅच एपेक्स वर्कर असलेल्या ओळी वगळा, त्या प्लॅटफॉर्म स्वतःच्या वापरासाठी बनवतो आणि बघणाऱ्याचा गोंधळ उडतो.

आता समजा एक लाख रेकॉर्ड्सचा जॉब आहे, स्कोप (एका बॅचमधल्या रेकॉर्ड्सची संख्या) २०० चा, जो डिफॉल्टच असतो. म्हणजे टोटल ५०० बॅचेस. ओळीत प्रोसेस्ड ३१२ दिसतायत आणि एरर्स ४. हे आकडे बॅचेसचे आहेत, रेकॉर्ड्सचे नाहीत, इथे खूप जणांची गल्लत होते. ३१२ बॅचेस म्हणजे ६२,४०० रेकॉर्ड्सपर्यंत जॉबचा हात पोचला, त्यातल्या ४ बॅचेस अख्ख्या रोलबॅक झाल्या म्हणजे ८०० रेकॉर्ड्स तसेच राहिले, आणि १८८ बॅचेस म्हणजे ३७,६०० रेकॉर्ड्सना हातच लागला नाही. यावरून 'चला, क्वेरीचे पहिले ६२,४०० सोडून पुढून चालू करू' असं मात्र कधीही करू नका. बॅचेस साधारण आलेल्या क्रमाने चालतात पण त्या क्रमाची गॅरंटी प्लॅटफॉर्म देत नाही. त्यात कोडमध्ये डेटाबेस डॉट अपडेट ऑल-ऑर-नन फॉल्स ठेवून (म्हणजे काही रेकॉर्ड्स पडले तरी बाकीचे सेव्ह होऊ देत) वापरलं असेल तर बॅच यशस्वी दिसते आणि आतले चार रेकॉर्ड्स गुपचूप नापास झालेले असतात, नंबर ऑफ एरर्समध्ये त्याचा पत्ताही नसतो.

टोटल शून्य आणि प्रोसेस्डही शून्य असेल तर सुटलात बऱ्यापैकी. याचा अर्थ जॉब होल्डिंगमध्ये किंवा क्यूडमध्ये असतानाच उडवला, किंवा स्टार्ट मेथड पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे एक्झिक्यूट एकदाही चाललं नाही. तुमच्या स्टार्टमध्येच काही डीएमएल (डेटा बदलणारी आज्ञा) नसेल तर डेटाला धक्का लागलेला नाही.

वेळेचं एक सांगतो, इथे हमखास फसायला होतं. क्वेरीतून येणारी वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि सेटअपच्या स्क्रीनवरची वेळ तुमच्या युजरच्या टाइम झोनमध्ये. डिप्लॉयमेंट टूलच्या लॉगमध्ये तिसराच टाइम झोन असू शकतो. सगळ्या वेळा आधी यूटीसीमध्ये लिहून काढा, मगच जुळवायला बसा, नाहीतर समोर असलेला पुरावा तासांच्या फरकामुळे दिसतच नाही.

कुणी थांबवला ते शोधायचं कसं

एसिंक एपेक्स जॉबवर 'अबॉर्टेड बाय' असं फील्ड नाहीये. असतं तर हा लेखच लागला नसता. क्रिएटेड बाय हा जॉब सोडणारा आहे, मारणारा नव्हे, त्यामुळे त्या बिचाऱ्याला धारेवर धरू नका. आपल्याला कम्प्लीटेड डेटची ती वेळ धरून आजूबाजूला काय चाललं होतं ते गोळा करावं लागतं.

मी पहिल्यांदा डिप्लॉयमेंट बघतो. सेटअपमध्ये डिप्लॉयमेंट स्टेटस उघडा आणि त्या मिनिटाच्या आसपास काही डिप्लॉय झालंय का बघा. कारण असं आहे की एखाद्या क्लासचे जॉब रांगेत किंवा चालू असतील तर सेल्सफोर्स तो क्लास बदलू देत नाही, डिप्लॉयमेंट एरर देतं की जॉब्स पेंडिंग आहेत. मग कुणीतरी वैतागून पाइपलाइनमध्ये (डिप्लॉय आपोआप करणाऱ्या साखळीत) एक स्क्रिप्ट टाकतं जी डिप्लॉयच्या आधी सगळे जॉब अबॉर्ट करते. 'सगळे' हाच शब्द घात करतो. लिहिणाऱ्याने टेस्ट सँडबॉक्ससाठी (चाचणीच्या वेगळ्या प्रतीसाठी) लिहिलेली असते, तिथे काही बिघडत नाही, पुढे तीच स्क्रिप्ट प्रॉडक्शनच्या (खऱ्या वापरातल्या सिस्टमच्या) पाइपलाइनमध्ये जाते आणि ज्या रात्री रिलीज त्या रात्री बॅच मेलेला. तुमचे अबॉर्ट फक्त रिलीजच्या दिवशीच होतायत का, एवढं कॅलेंडरवर बघितलंत तरी बरंचसं कळेल. स्क्रिप्ट सापडली तर तिची क्वेरी वाचा, क्लासच्या नावाचा फिल्टर आहे का, की नुसतं स्टेटस प्रोसेसिंग किंवा क्यूड असलेलं सगळं उचलतेय.

डिप्लॉयमेंट सेटिंग्जमध्ये एक पर्याय आहे, जॉब्स पेंडिंग असतानाही डिप्लॉय करू देणारा. तो चालू करायचा मोह होतो पण त्याने चालू जॉब फेल होऊ शकतात, तशी सूचना तिथेच लिहिलेली असते, तेव्हा विचार करून.

डिप्लॉयमेंट जुळत नसेल तर कोडमध्ये शोधा. सगळे एपेक्स क्लासेस आणि ट्रिगर्स (रेकॉर्ड बदलताच आपोआप चालणारा कोड) लोकल प्रोजेक्टमध्ये उतरवून घ्या आणि व्हीएस कोडमध्ये अबॉर्टजॉब सर्च करा. क्वेरीने क्लासच्या बॉडीवर फिल्टर लावता येत नाही म्हणून फायली उतरवणं हाच सरळ मार्ग. जे सापडेल ते साधारण तीन प्रकारचं असतं. पहिला प्रकार म्हणजे बॅच स्वतःलाच मारतोय, एक्झिक्यूटमध्ये कुणीतरी अट टाकलीय की कस्टम सेटिंगमधला स्विच बंद असेल किंवा एरर अमुक इतक्या झाल्या तर बॅच काँटेक्स्टमधून आयडी घ्या आणि अबॉर्ट करा. चांगल्या हेतूने टाकलेली असते, फक्त कुठे नोंद करत नाही म्हणून गूढ वाटतं. दुसरा म्हणजे सोडण्याआधी जुना मारणारा शेड्युलर, 'मागचा रन अजून अडकला असेल तर काढून टाक' या विचाराने लिहिलेला. सुरुवातीला जॉब वीस मिनिटांत व्हायचा, डेटा वाढत गेला, आता तासापेक्षा जास्त लागतो आणि शेड्युल तासाचं, म्हणजे प्रत्येक नवा रन आधीच्या धडधाकट चालू रनचा गळा घोटतो. ओळखायची खूण सोपी आहे, अबॉर्टच्याच मिनिटाला त्याच क्लासचा नवा जॉब क्रिएट झालेला दिसतो. कोड सर्च करायच्याही आधी ही खूण बघा, क्वेरी एकच आहे.

तिसरा प्रकार रांग साफ करणारा. एका वेळी ५ बॅच जॉब्सच क्यूड किंवा चालू राहू शकतात, बाकीचे फ्लेक्स क्यूमध्ये होल्डिंगला थांबतात आणि तिथे मर्यादा १०० ची. ती भरली की पुढचा जॉब सोडतानाच एरर येते. मग कुणीतरी रांग मोकळी करणारा कोड लिहितं, नाहीतर एखादा अ‍ॅडमिन एपेक्स फ्लेक्स क्यूच्या पानावर जाऊन हाताने अबॉर्टची लिंक दाबत सुटतो. त्याचाही दोष म्हणता येत नाही, त्याला फक्त अडकलेली रांग दिसत होती. खरा प्रश्न इतके जॉब कोण सोडतंय हा असतो, आणि बहुतेकदा उत्तर ट्रिगरमधून बॅच सोडणारा कोड हे निघतं, एक डेटा लोड झाला की शंभर जॉब रांगेत. तो कोड सुधारा, रांग आपोआप मोकळी राहील.

मॅनेज्ड पॅकेजचा (बाहेरून घेतलेल्या तयार अ‍ॅपचा) कोड तुम्हाला वाचता येत नाही, त्यामुळे सर्चमध्ये काही सापडलं नाही म्हणजे कोडने केलंच नाही असं धरू नका. पॅकेजच्या सेटिंगमध्ये जॉब मॅनेज करणारं काही आहे का ते बघा.

मग राहिला माणूस. लॉगिन हिस्टरीत त्या वेळेच्या आधी कोण आत आलं ते बघा, आणि सेटअप ऑडिट ट्रेल डाउनलोड करा, स्क्रीनवर फक्त शेवटच्या २० नोंदी दिसतात पण फाइलमध्ये १८० दिवसांच्या मिळतात. यातून त्या वेळी सेटअपमध्ये कोण काम करत होतं आणि कुणी दुसऱ्याच्या नावाने लॉगिन केलं होतं का, याचा अंदाज येतो. नाव समोर आलं की शांतपणे विचारा, 'अमुक वाजता एपेक्स जॉब्सच्या पानावर काही थांबवलं होतं का' एवढंच. आरोप करत गेलात तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा उत्तर 'हो, तो अडकलाय असं वाटलं' असंच येतं, कारण प्रिपेअरिंगमध्ये जॉब काही मिनिटं नुसता थांबलेला दिसू शकतो आणि माहीत नसलेल्याला तो अडकल्यासारखाच वाटतो.

एवढं करूनही धागा लागला नाही तर सपोर्ट केस टाका, पण त्यात ऑर्ग आयडी, ७०७ वाला जॉब आयडी आणि यूटीसीमधली वेळ तिन्ही द्या, नाहीतर पहिले दोन-तीन मेल हेच विचारण्यात जातात.

अबॉर्टेड नसून फेल्ड निघालं तर

थोडक्यात सांगतो, कारण हा वेगळा विषय आहे. एक्स्टेंडेड स्टेटसमध्ये एररचं वाक्य असतं पण ते फक्त पहिल्या एररचं, बाकीच्या वेगळ्या असू शकतात. असिंक्रोनस (मागे चालणाऱ्या) एपेक्सला एका ट्रान्झॅक्शनमध्ये सीपीयू ६०,००० मिलिसेकंद, हीप १२ एमबी आणि एसओक्यूएल क्वेरी २०० मिळतात, आणि लिमिट एक्सेप्शन ट्राय-कॅचमध्ये पकडता येत नाही, त्यामुळे तुमच्या कॅचमधला लॉग कोरा दिसला तर त्याचं कारण हेच. पहिला उपाय स्कोप कमी करणं, २०० चा ५० करून बघा. डेटाबेस डॉट स्टेटफुल (एका बॅचमधली माहिती पुढच्या बॅचपर्यंत टिकवणारं) वापरून लिस्टमध्ये सगळं साठवत चालला असाल तर हीप शेवटच्या शेवटच्या बॅचेसना भरते, म्हणून जॉब ऐंशी टक्के छान चालून मग एरर द्यायला लागतो, तिथे स्कोप कमी करून उपयोग नाही, लिस्टच्या जागी नुसता काउंटर ठेवा. रो लॉकची एरर असेल तर त्याच पॅरेंट रेकॉर्डवर (ज्याला इतर, म्हणजे चाइल्ड, रेकॉर्ड्स जोडलेले असतात) दुसरं काय चाललं होतं ते बघा, लॉकसाठी सिस्टम १० सेकंदच वाट बघते. जॉब सोडणाऱ्या युजरचं खातं बंद केलंय का तेही बघून घ्या, माणूस कंपनी सोडतो आणि त्याच्या नावावरचे शेड्युल्ड जॉब कुणाच्या लक्षातच नसतात.

परत सोडण्याआधी डेटा

हा भाग सगळ्यात जास्त लक्ष देऊन करा. झालेल्या बॅचेस कमिट (कायमच्या सेव्ह) झालेल्या आहेत, अबॉर्टने त्या मागे फिरत नाहीत. म्हणून स्वतःला एकच विचारा, हा जॉब एकाच रेकॉर्डवर दोनदा चालला तर काय होईल? स्टेटस 'क्लोज्ड' करणारा जॉब असेल तर काही नाही, दुसऱ्यांदाही क्लोज्डच होईल, बिनधास्त सोडा. पण बॅलन्समध्ये रक्कम वाढवणारा असेल, नवीन चाइल्ड रेकॉर्ड बनवणारा असेल, ग्राहकाला ईमेल पाठवणारा किंवा बाहेरच्या सिस्टमला कॉलआउट करणारा असेल तर तसाच सोडणं म्हणजे दुप्पट बिलं, दुप्पट मेल.

अशा जॉबमध्ये कुठले रेकॉर्ड्स झाले ते शोधायला लास्ट मॉडिफाइड बाय आणि लास्ट मॉडिफाइड डेट कामाला येतात. जॉब ज्याच्या नावावर चालला तो युजर आणि जॉबची क्रिएटेड ते कम्प्लीटेड ही वेळ, या दोन्हीवर फिल्टर लावा. पण नंतर कुणी तोच रेकॉर्ड हाताने बदलला असेल तर तो या यादीतून निसटतो, म्हणून जॉबने जे फील्ड भरायचं होतं त्यावरूनही दुसरी यादी काढा आणि दोन्ही ताडून बघा. नवीन रेकॉर्ड बनवणारा जॉब असेल तर काम सोपं आहे, क्रिएटेड डेट नंतर बदलत नाही, ज्या पॅरेंटला त्या वेळेतलं चाइल्ड आहे तो झाला. अबॉर्टच्या क्षणी जी बॅच चालू होती ती कुठल्या बाजूला पडली हेही अंदाजाने न ठरवता डेटावरूनच ठरवा.

मग उरलेल्या यादीपुरताच जॉब सोडा. आधी त्यातले पाच-दहा रेकॉर्ड्स घेऊन चालवा, हाताने उघडून बघा, मग बाकीचे.

आणि हे सगळं पुन्हा करायला लागू नये म्हणून क्लासमध्ये कायमचा बदल करा. ऑब्जेक्टवर 'शेवटचं प्रोसेस केल्याची तारीख' असं एक फील्ड ठेवा, एक्झिक्यूटमध्ये मुख्य कामाबरोबर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ते भरा आणि स्टार्टच्या क्वेरीत फक्त न झालेलेच रेकॉर्ड्स उचला. मग जॉब कुठेही मरो, परत सोडला की राहिलेल्यापासूनच चालू होतो. ईमेल आणि कॉलआउटला हे पूर्ण पुरत नाही, बाहेर गेलेला कॉल रोलबॅक होत नाही, तिथे समोरच्या सिस्टमला एक युनिक की पाठवा म्हणजे दुसऱ्यांदा आलेली विनंती ती ओळखेल.

पुढच्या वेळी अंधारात राहू नये म्हणून

अबॉर्ट करायचा अधिकृत रस्ता एकच ठेवा. एक छोटा युटिलिटी क्लास लिहा, ज्याला जॉब आयडी आणि कारण द्यावं लागतं, तो आधी कस्टम ऑब्जेक्टमध्ये कोण, कधी, का हे लिहितो आणि मगच अबॉर्टजॉब कॉल करतो. आपल्या सगळ्या कोडने आणि पाइपलाइनच्या स्क्रिप्टनेही तोच वापरायचा, कोड रिव्ह्यूमध्ये थेट अबॉर्टजॉब दिसला की परत पाठवायचा.

एररसाठी बॅच एपेक्स एरर इव्हेंट आहे, क्लासवर रेझेस प्लॅटफॉर्म इव्हेंट्स लावलं की न पकडलेल्या एक्सेप्शनला इव्हेंट येतो, त्यात कुठल्या टप्प्यावर पडलं, मेसेज आणि स्कोपमधले रेकॉर्ड आयडी सगळं मिळतं, लिमिट एक्सेप्शनसुद्धा. जरूर लावा. पण अबॉर्ट पकडायला त्याच्यावर आणि फिनिश मेथडमधल्या ईमेलवर अवलंबून राहू नका. वेगळा शेड्युल्ड जॉब ठेवा जो तासातासाला अबॉर्टेड ओळी शोधतो आणि कळवतो. त्यातच उलटी तपासणीही टाका, की आज अमुक क्लासचा जॉब कम्प्लीटेड झालाच पाहिजे होता, झालाय का. कारण जो जॉब सुरूच झाला नाही त्याची ओळच नसते, त्याचा अलर्ट कुठून येणार.

डिप्लॉयमेंटची स्क्रिप्ट दुरुस्त करताना दोन आयडींमधला फरक लक्षात ठेवा. शेड्युलची नोंद, म्हणजे क्रॉन ट्रिगर, ०८ई ने सुरू होतो, चालू बॅच ७०७ ने. क्लास बदलायला शेड्युल काढावं लागेल, पण चालू बॅच मारायची गरज नाही, स्क्रिप्टला ती संपेपर्यंत थांबायला लावा आणि फार वेळ गेला तर डिप्लॉयमेंट थांबवा, बॅच नव्हे. आणि डिप्लॉय झाल्यावर काढलेलं शेड्युल परत लावणं हेही त्याच स्क्रिप्टचं काम, डिप्लॉय मधेच फेल झालं तरीसुद्धा. रिलीज झाल्यावर क्रॉन ट्रिगरची क्वेरी करून नेक्स्ट फायर टाइम बघा, आजच्या रात्रीची वेळ दिसली तरच लॅपटॉप बंद करा.